पाडव्याला गुढीबरोबर पाणपोई: उभी कशी करायची आणि पाऊस येईपर्यंत चालू कशी ठेवायची

पाडव्याच्या आदल्या रात्री गुढी कशी उभारायची याचे इतके व्हिडीओ फिरतात की त्यात मी अजून भर घालत नाही, तो भाग थोडक्यात आटपतो. मला सांगायचंय ते पाडव्याच्या दुसऱ्या कामाबद्दल, जे कॅलेंडरच्या पानावर सहसा दिसत नाही. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास ‘धर्मसिंधू’ लिहिला, सणवार कधी कसे करायचे याचं उत्तर भटजी लोक आजपण त्यातच शोधतात, त्यात चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या कामांत पाणपोई सुरू करायला सांगितलीय. आणि नुसती सुरू करायला नाही हां, चार महिने खंड न पाडता पाणी द्यायचं. तिचा मंत्रसुद्धा आहे, ही पाणपोई सगळ्या जीवांसाठी सारखी आहे आणि हिच्या दानानं आमचे वाडवडील तृप्त होवोत, असा काहीसा त्याचा अर्थ. ज्याला पाणपोई झेपत नाही त्यानं रोज एक भरलेला घडा कुणाच्यातरी घरी पोचवायचा, त्याला धर्मघट म्हणतात. म्हणजे ऐपत नाही म्हणून सुटका नाहीच.

चार महिने म्हणजे चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. उद्घाटन कोणीपण करतंय, आषाढात रांजण भरायला कोण येतंय ते बघायचं.

आधी गुढी, पटकन

पहाटे सडा, रांगोळी, घरातल्यांच्या अंघोळी. कळकाची काठी आदल्या दिवशीच धुवून पुसून वाळवून ठेवा, ऐनवेळी धुतली की साडीला ओल लागते. टोकाला खण किंवा नवी साडी चुण्या घालून, कडुलिंबाचा डहाळा, आंब्याची पानं, फुलांचा हार, साखरेची गाठी, आणि वरून तांब्या पालथा. सुतळी कंजुषी न करता बांधा, चैत्रातलं वारं दुपारी अकरानंतर उठतंय आणि फ्लॅटच्या गॅलरीतल्या गुढ्या रस्त्यावर आलेल्या मी बघितल्यात. सूर्योदयानंतर लवकर उभारायची, सूर्यास्ताच्या आत हळदकुंकू वाहून उतरवायची, गाठी पोरांना द्यायची.

कडुलिंबाचं म्हणाल तर कोवळा पाला आणि मिळाला तर मोहोर, त्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, चिंच, ओवा, जिरं, हिंग, सैंधव, सगळं ओबडधोबड वाटायचं. जून पाला घेतला की पोरं थुंकतात आणि मग वर्षभर नाव घेत नाहीत, म्हणून शेंड्याची तांबूस पानंच खुडा.

पंचांग ऐकायला जाच

दुपारनंतर किंवा संध्याकाळी बऱ्याच गावांत मारुतीच्या देवळात पंचांग वाचतात. यंदाचा राजा कोण, मंत्री कोण, धान्य कसं, आणि सगळ्यात जास्त कान टवकारले जातात ते पावसाला. मेघनिवास कुंभाराच्या घरी का परटाच्या का माळ्याच्या, मग एकेका नक्षत्राचं वाहन. बेडूक, म्हैस, हत्ती आले की म्हातारी माणसं मान डोलावतात, गाढव-उंदीर आले की तोंड पडतं. आमच्याकडं कुंभाराच्या घरी म्हटलं की लगेच कोणतरी म्हणतंय, “मग झालं, कुंभाराला कशाला पाऊस पायजे, त्याची मडकी भिजत्यात.”

यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी ऐकायला जातो ते दुसऱ्या कारणानं. वर्षातला हा एकच दिवस असा की सगळं गाव एकत्र बसून पाण्यावर बोलतंय आणि त्या वेळी कुणाच्या हातात फावडं नाय की बादली नाय, निवांत. त्यामुळं पाणपोईची माणसं याच बैठकीत गोळा करायची. हवामान खात्याचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये येतोच, कोयनेत 105 टीएमसीपैकी किती शिल्लक आहे ते रोज पेपरात असतंय, ते पण सांगा. पंचांग आणि धरणाचा आकडा दोन्ही एकाच चटईवर बसू देत, काही बिघडत नाही.

जागा

पाणपोईचं निम्मं यश जागेवर आहे. देवळाचं आवार छान दिसतं पण तहान लागलेला माणूस देवळात नसतो, तो एसटीच्या थांब्यावर असतो, बाजाराच्या तोंडाशी असतो, सरकारी दवाखान्याबाहेर नातेवाईक म्हणून तासन्‌तास उभा असतो, नाहीतर तहसील कचेरीत सातबाऱ्यासाठी हेलपाटे मारत असतो. चिंच, वड, कडुलिंब असलं झाड असेल तर झकास, नसेल तर हिरवी शेडनेट बांधा, पत्रा नको, पत्र्याखाली दुपारी भट्टी होते. वारा खेळता पाहिजे, कारण माठ गार होतो तोच मुळी पाणी पाझरून वाऱ्यानं उडून गेल्यामुळं. भिंतीच्या कोनाड्यात, तिन्ही बाजूंनी बंद, अशा ठिकाणी ठेवलेला माठ कोमट राहतो आणि लोक कुंभाराला नावं ठेवतात.

ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला एक साधा अर्ज द्या, तोंडी परवानगीवर जाऊ नका. रस्त्याच्या कडेला आहे म्हटल्यावर उद्या कोण तक्रार करेल सांगता येत नाही. आणि शेजारच्या चहावाल्याला विश्वासात घ्या. तो पहिल्यांदा तोंड वाकडं करणार, त्याची बाटलीबंद पाण्याची विक्री बुडते म्हणून. पण पाणी प्यायला थांबलेला माणूस चहा घेतोच, हे त्याला आठवड्यात कळतं, मग तोच दिवसभर राखण करतो.

आपल्याकडचा पाऊस आणि मुदत

चार महिने म्हटलं तरी आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत सगळीकडं एकच हिशोब चालत नाही. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्याच जिल्ह्यात म्हसवडकडं पाचशेच्या आसपास. जावळी, पाटणला जूनच्या मध्यावर रांजण पालथा घातला तर चालेल. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ इकडं जून ढगं दाखवून जातो, खरा पाऊस सप्टेंबरकडं. तिथं आषाढ संपला म्हणून पाणपोई बंद करायची नाही, टँकर बंद होईपर्यंत चालू ठेवायची, धर्मसिंधू लिहिणारे पंढरपूरचे म्हणजे दुष्काळी पट्ट्यातलेच, ते काय रागावणार नाहीत.

आणि कृष्णाकाठच्या लोकांनी, म्हणजे वाई, कराड, सांगली, मिरज, “आपल्याला काय कमी आहे” असं म्हणू नये. 2005 ला आणि 2019 ला पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा त्याच सांगलीत प्यायच्या पाण्यासाठी बाहेरून टँकर आणि बाटल्या आल्या. उलट 2016 ला पाडवा 8 एप्रिलला होता आणि 11 तारखेला मिरजेतून पाण्याची रेल्वे लातूरला निघाली, पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी त्याला देशातली सगळ्यात लांबलचक पाणपोई म्हणतो. आपल्या नदीचं पाणी दुसऱ्याच्या गावात पोचतं यात एक मजा आहे, ती तेव्हा मिरजेच्या माणसांच्या बोलण्यात चांगलीच कळत होती.

रांजण, माठ, तोटी

आता मुख्य सामान. पन्नास-साठ लिटरचा रांजण मिळाला तर उत्तम, नाहीतर वीस लिटरचे तीन माठ. घेताना बोटाच्या पेरानं टिचक्या मारून चारी बाजूंनी आवाज ऐका, खणखणीत आला तर घ्या, बद्द आला तर कुठंतरी चीर आहे. बाहेरून चकचकीत रंग किंवा व्हार्निश मारलेला माठ दिसायला भारी पण पाझरणार नाही, आणि पाझरला नाही तर गार होणार नाही. तो शोभेला ठेवा.

घरी आणल्यावर एक दिवसभर पूर्ण पाण्यात बुडवून ठेवा, रांजण मोठा असेल तर काठोकाठ भरून बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. मग नारळाच्या शेंडीनं आतून घासा. साबण, भांड्याचा लिक्विड अजिबात नाही, माती तो पिऊन बसते आणि महिनाभर पाण्याला वास मारतो. पहिल्या एक-दोन वेळचं पाणी झाडाला घाला, मातीची चव जाते. तोटीवाला माठ घेतला असेल तर तोटीचा वायसर आधी तपासा, थेंब थेंब गळणारी तोटी रात्रीत बादलीभर पाणी घालवते आणि खाली चिखल करते तो वेगळाच.

खाली विटांचा कट्टा, त्यावर नदीची धुतलेली वाळू चार बोटं, त्यात रांजण बसवायचा. वाळू ओली ठेवायची. भोवतीनं गोणपाट, तेही ओलं. तोंडावर लाकडी किंवा स्टीलचं झाकण, त्याखाली पांढरं सुती फडकं, लाल नको, लालवर मळ दिसत नाही. वाळा मिळाला तर एक जुडी आत सोडा, आठ दिवसांनी वाळवून परत वापरता येते.

बोअरचं पाणी असेल तर बाहेरून पांढरा खार धरतो आणि महिन्याभरात माठ गार करायचा बंद करतो, कारण भोकं बुजतात. अशा वेळी रिकामा करून बाहेरून शेंडीनं खसाखसा घासायचा आणि एक दिवस उन्हात कोरडा वाळवायचा, बराच फरक पडतो. त्यासाठी जोडीला एक माठ जादा पाहिजेच.

पाणी किती आणि कसलं

उन्हातून आलेला माणूस एका दमात अर्धा लिटर सहज पितो. बाजाराच्या दिवशी तीनशे माणसं आली तर दीडशे लिटर. म्हणजे साठ लिटरचा रांजण दुपारी बारापर्यंत रिकामा, आणि बारा ते चार हीच तर खरी वेळ. म्हणून सकाळी सातला एकदा आणि साडेअकराला एकदा भरायचं. दुसऱ्या भरण्याचं पाणी आदल्या रात्रीच माठांत भरून ठेवलेलं असलं तर ते गार असतं, पाइपानं डायरेक्ट टाकीचं सोडलं तर अंघोळीला चालेल असं निघतं.

पाणी नळाचं घ्या, शुद्धीकरण केंद्रातून आलेलं. विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर क्लोरीन टाकल्याशिवाय लोकांना देऊ नका, पुण्य राहिलं बाजूला, गाव आजारी पडेल. ग्रामपंचायतीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर असते, ताजी असेल तर हजार लिटरला पाच ग्रॅम पुरते. ती थेट टाकायची नाही, बादलीत कालवून, निवळू देऊन वरचं पाणी टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. जलसुरक्षक म्हणून जो माणूस गावात असतो त्याच्याकडं ओटी टेस्टचं औषध असतं, नमुन्यात थेंब टाकल्यावर पिवळं झालं की क्लोरीन आहे. गढूळ पाण्यात आधी तुरटी फिरवून निवळू द्या, मग क्लोरीन, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं. आणि तुरटीनं पाणी फक्त निवळतं, जंतू मरत नाहीत, हे घरातल्या म्हाताऱ्यांना पटवणं अवघड आहे, पण पटवा.

प्यायचं कसं

साखळीला बांधलेला एकच पेला, त्याला सगळ्यांची तोंडं, हे कोविडनंतर बऱ्याच जणांना नको वाटतं आणि बरोबरच आहे. जुनी पद्धत यापेक्षा स्वच्छ होती. लांब दांड्याचं ओगराळं, एक माणूस वाढायला, पिणारा ओंजळ करून वाकतो, धार वरून पडते, कोपरावरून ओघळणारं पाणी खाली दगडावर. पिणारा हात हलवून “बास” म्हणतो, मग ओली ओंजळ तोंडावरून मानेवरून फिरवतो आणि तेव्हा कुठं डोळे उघडून कोण वाढतंय ते बघतो. आता दिवसभर माणूस बसवणं सगळीकडं शक्य नाही, म्हणून तोट्या दोन उंचीवर लावा, एक पोरांच्या हाताला येईल अशी, आणि एक इतकी वर की खाली लिटरची बाटली सरळ उभी राहील. हल्ली निम्मे लोक पिण्यापेक्षा बाटली भरायला येतात.

त्यावरून वाद होतो. पाडव्याच्या सुमारास साखर कारखान्यांचे पट्टे पडायला लागतात, म्हणजे गाळप संपतं, ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडं परतीला लागतात. आमच्याकडं एकदा अशीच गाडी थांबली, वर संसार, चूल, कोंबड्या, कडेला पोरगं, आणि एक बाई पाच लिटरचा कॅन घेऊन आली. पाळीवर असलेला पोरगा म्हणाला, “मावशी, प्यायला हाय, भरून न्यायला न्हाय.” ती काय बोलली नाही, कॅन खाली ठेवला आणि एक पेला घेऊन पोराला पाजायला लागली. तोवर मागनं चहावाला ओरडला, “आरं भरू दे की, तिला काय वाटंत दुसरी हाय का?” मग भरला. मला विचाराल तर नियम असा ठेवा की वाटसरूला कॅन भरू द्यायचा, गावातल्याला घरचं भांडं नाही. हॉटेलवाल्याला तर मुळीच नाही. हा नियम कागदावर लिहून लावू नका, लावला की वाद वाढतात, पाळीच्या माणसाला तोंडी सांगून ठेवा.

आणि जमलं तर एक बरणी गुळाच्या खड्यांची. उन्हातनं आलेल्याला आधी गूळ मग पाणी ही आपल्याकडची साधी रीत, नुसतं पाणी ढसाढसा पिऊन मळमळणाऱ्याला ती सोयीची पडते. मुंग्या लागतात, म्हणून बरणी पाण्याच्या परातीत ठेवा. कुणाला जुलाब, उलट्या होत असतील तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, ढवळून थोडं थोडं द्यायचं. पण माणूस बरळायला लागला, अंग तापलंय, शुद्ध हरपतेय, अशा वेळी तोंडात पाणी ओतू नका. सावलीत आडवं करा, अंगावर ओलं कापड, वारा घाला आणि 108 ला फोन करा. हा नंबर पाणपोईवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या, दानशूर व्यक्तींच्या नावांपेक्षा मोठ्या.

त्या फ्लेक्सबद्दल बोलावंच लागेल. मी अशा पाणपोया बघितल्यात की फ्लेक्स दहा बाय बाराचा, वर फोटो, आणि खाली दोन जार, तेही हनुमान जयंतीपर्यंत रिकामे. फ्लेक्सच्या पैशात तीन रांजण येतात हो.

जनावरं आणि पाखरं

मंत्रात सगळ्या जीवांसाठी म्हटलंय तर मग माणसांपुरतंच कशाला. तोट्यांखाली जे सांडतंय ते वाया घालवण्यापेक्षा चर काढून एका सिमेंटच्या नाहीतर दगडी डोणीत सोडा, परतीच्या गाड्यांचे बैल, मोकाट गायी, कुत्री तिथं पितात. डोणीतून वर येणारं पाणी शेजारच्या झाडाला. डोण रस्त्यापासून जरा आत, नाहीतर जनावरं रस्त्यात उभी राहून अपघात होतात.

पाखरांना मातीची परळ, पसरट, पाणी दोन बोटांपेक्षा खोल नको, मध्ये दोन-तीन खडे टाका म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. सावलीत आणि मांजराच्या झेपेबाहेर. परळ असो की डोण, पाणी रोज बदला, आणि आठवड्यातून एक दिवस सगळं पालथं घालून घासून कोरडं करा. आठ दिवस साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास तयार होतो, आपण पाखरांची सेवा म्हणून डासांची नर्सरी चालवायला नको.

शिंगणापूरच्या वाटेवर असाल तर

पाडव्यापासून शिखर शिंगणापूरची यात्रा सुरू होते, अष्टमीला शंभू महादेवाचं लग्न, द्वादशीला कावडी. सासवडकडून कऱ्हा नदीचं पाणी घेऊन लोक चालत येतात आणि ती अवजड कावड मुंगी घाटातनं, दोरखंड आणि माणसांची साखळी करून, वर चढवतात. भर चैत्रात, माणच्या माळावर, पाण्यानं भरलेले हंडे, आणि त्यातला एक थेंब कुणी पीत नाही, सगळं देवाला. मला ते दरवेळी अचंब्याचं वाटतं. तर फलटण, दहिवडी, म्हसवड, नातेपुते या रस्त्यांवर ज्यांची गावं आहेत त्यांनी अष्टमी ते द्वादशी या दिवसांत तिप्पट तयारी ठेवा, रात्रीसुद्धा, कारण चालणारे ऊन टाळून रात्री चालतात. एक दिवा लावा पाणपोईवर. तिथं वर डोंगरावरचा पुष्कर तलावपण मालोजीराजांनी यात्रेकरूंच्या पाण्यासाठीच बांधलेला, म्हणजे ही सेवा त्या वाटेवर काही नवी नाही.

आणि सातारकरांनी एकदा लिंब गावातली बारा मोटेची विहीर पोरांना दाखवून आणा. वीरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 या काळात शाहू महाराजांच्या राज्यात बांधून घेतली, वरून बघितली की पिंडीसारखा आकार, आत उतरायला जिना, मध्ये चक्क राहायला होईल असा दगडी महाल. एकाच वेळी बारा मोटा चालतील इतकी तिची ताकद, ते पाणी आमराईला जायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी या विषयावर भाषण देण्यापेक्षा त्या जिन्यावर अर्धा तास बसवा, आत गेल्यागेल्या अंगाला गारवा लागतो, पोरं आपोआप प्रश्न विचारतात.

घरच्या घरी, एकट्यानं करायचं असेल तर

मंडळ नाही, तालीम नाही, सोसायटीत कुणी ऐकत नाही, तर धर्मघट. पाडव्याला गुढीची पूजा झाली की एक माठ भरून गेटच्या आत सावलीत तिवईवर ठेवा, झाकण, दोन स्टीलचे पेले, शेजारी पाटी ‘पाणी प्या’. कुरिअरवाला, गॅस सिलेंडरवाला, घंटागाडीची माणसं, मीटर रीडिंगवाला, दिवसाला दहा-बारा जण असतातच. ते बेल वाजवून पाणी मागत नाहीत, लाजतात. माठ दिसला की पितात. पेले रोज रात्री घरातल्या भांड्यांबरोबर घासायचे, ते वेगळे ठेवू नका, वेगळे ठेवले की त्यात तो जुना वाईट वास येतो. पाणवठे कुणासाठी बंद होते ते आपल्याला माहीतच आहे, महाडच्या तळ्यावर 1927 ला त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पाणपोईवर जातपात, धर्म, ओळखीचा-अनोळखी काही बघितलं जाणार नाही, हे पाळीच्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. रमजान चैत्रात आला तर संध्याकाळच्या वेळी जादा भरून ठेवा, मिरजेत तर याची आठवण कुणाला करून द्यावी लागत नाही.

पाडव्यानंतर तिजेपासून चैत्रगौर बसते, मग हळदीकुंकू, कैरीची डाळ, पन्हं. पन्ह्याची कैरी उकडून गर काढा, गराच्या दीडपट-दुप्पट गूळ, वेलदोडा, किंचित मीठ, आणि पाणी माठातलंच घाला, फ्रीजचं नको, दात आंबतात आणि चव मरते. अक्षय्य तृतीयेला पाण्यानं भरलेली केळी, म्हणजे मातीचं छोटं मडकं, देतात, ती देताना रिकामं शोभेचं मडकं देऊ नका, ज्याला खरोखर माठाची गरज आहे त्याला मोठा माठ द्या. त्या दिवशी पाणपोईच्या माठांची जोडी बदलायची हे आम्ही ठरवूनच टाकलंय, कुंभारवाड्यात माल ताजा असतो.

पाळी

सगळ्यात अवघड हेच. पाडव्याला चाळीस हात असतात, वैशाखात लग्नसराई सुरू झाली की चार. म्हणून सुरुवातीलाच सात घरं धरा, प्रत्येक घराला वार ठरलेला, सोमवार म्हणजे सोमवारच. ज्याला जमणार नाही त्यानं बदली माणूस स्वतः शोधायचा. पैशाची वर्गणी शक्यतो काढू नका, पैसे आले की हिशोब आला, हिशोब आला की भांडण. कुणाचा वाढदिवस, कुणाचं वर्षश्राद्ध, त्यांना सांगायचं त्या दिवशीचे पाण्याचे जार तुमचे. व्हॉट्सॲप ग्रुप काढणारच असाल तर एकच नियम, सकाळी भरायच्या आधी घासलेल्या रांजणाचा आतून फोटो. गुड मॉर्निंग बंद.

रोज संध्याकाळी उरलेलं पाणी झाडाला, रांजण पालथा नाही, पण रिकामा. आठवड्यातनं एकदा गरम पाणी आणि शेंडी. फडकं रोज धुतलेलं. तोटीचं तोंड रोज पुसायचं, तिथं शेवाळ पहिल्यांदा धरतं आणि नेमकं तेच कुणी बघत नाही.

पाऊस लागला, टँकर थांबले, की बंद करताना पण रीत आहे. रांजण रिकामा करून आतून घासायचा, दोन-तीन चांगली उन्हं मिळतील तेव्हा वाळवायचा, ओला ठेवला तर बुरशी धरतो आणि पुढच्या पाडव्याला फेकावा लागतो. तोटी काढून वायसर तेल लावून वेगळं डबीत. वाळू पोत्यात भरून कोरड्यात ठेवा. गोणपाट फेकून द्या, ते जपून ठेवायच्या लायकीचं राहत नाही. ज्या माठाला केसाएवढी चीर गेलीय त्यात वाळू-माती भरून तुळस लावा, आणि जे चांगले आहेत ते खालून भाताच्या पेंढ्यावर पालथे, एकावर एक न रचता, कुणाच्यातरी माळ्यावर. कुणाच्या माळ्यावर ते ग्रुपवर लिहून ठेवा म्हणजे फाल्गुनात शोधाशोध नको.